पाठीनं ऐकलेला अल्बम

माझ्या धाकट्या बहिणीनं हेवी मेटलचा एक अल्बम केला आहे. हिंगोली जिल्ह्यात बसून केलेला, आणि त्यात गिटारीपेक्षा यंत्रं जास्त. हळद पॉलिश करायचा ढोल, मळणीयंत्र, आणि मी जिथं काम करतो तिथली पत्रा कापायची प्रेस. तो बाहेर पडायच्या आधी घरात मी ऐकला. त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं हे सांगायचं काम माझ्याकडं होतं. माझी शाळा नववीत सुटली. त्यामुळं संगीताबद्दल लिहिताना अंग चोरल्यासारखं होतं, पण हे दुसरं कोणी लिहिणार नाही.

आधी आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे. बाबा गायन पार्टीत होते. जयंतीला, कुठं विहाराचं उद्घाटन असलं की सेनगाव-औंढ्याकडच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. हार्मोनियम, ढोलकी, मागं दोन कोरसवाले. नवं गाणं बांधलं की ते स्टेजवर नेण्याआधी साखऱ्यात, आमच्या गावी, घरी म्हटलं जायचं, आणि ऐकायला एकच माणूस. त्यानं पार्टीकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसायचं. वळून बघायचं नाही. गाणं संपलं की एक शब्द द्यायचा. बसलं, नाहीतर न्हाई बसलं. कारणं सांगायची असली तर सांगा, पण दिलेला शब्द मागं घ्यायचा नाही.

"तोंड पाहून ऐकलं की नातं ऐकू येतं," बाबा म्हणायचे. "गाणं ऐकायचं तर पाठीनं ऐका."

त्यांनी स्वतः बांधलेलं एक गाणं ढोलकीवाल्याच्या सासऱ्यानं नापास केलं होतं. आम्हा लेकरांना ते फार आवडायचं. पण बाबांनी ते टाकलं ते टाकलंच. घरात कोणी गुणगुणलं तरी डोळे वटारायचे.

बाबा गेले, पार्टी मोडली. रीतही गेली असं मी धरून चाललो होतो. बहिणीनं फोनवर व्हिडिओ लावून सांगितलं, "मेटल असलं म्हणून काय झालं? आपल्या घरातून बाहेर जाणारं गाणं हाय. बसवून घ्यावं लागन. तू सुट्टीवर कव्हा येतो?"

मलाच बसवायचं कारण होतं. हे संगीत तिला माझ्याकडून लागलं. कारखान्याच्या वसाहतीत खोलीवर माझ्यासोबत ईशान्येकडच्या डोंगरातला एक जण राहायचा, तो मोबाइलवर सारखं हेच लावायचा. पहिल्यांदा मला वाटलं, दिवसभर ठोके ऐकून आल्यावर याला अजून ठोके कशाला पाहिजेत. मग एक दिवस ध्यानात आलं की ते चालू असलं की माझ्या कानातली शिटी बंद होते. खरं तर बंद होत नाही, झाकली जाते. शिफ्ट सुटल्यावर खोली शांत झाली की माझ्या दोन्ही कानांत कोणी तार ओढत बसल्यासारखी शिटी सुरू व्हायची. त्या जाड गिटारींखाली ती गडप व्हायची आणि मला जेवण जायचं. म्हणून मी ते ऐकायला लागलो, मग आवडलं म्हणून ऐकायला लागलो, आणि चांगलं वाटेल ते बहिणीला पाठवत गेलो. ती तेव्हा हिंगोलीत कॉलेजला होती. आता तिथंच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, खोली करून राहते.

तर शिटी होती. आणि शिटीच्या मागं दुसरं काही होतं ते मी घरात कोणालाच सांगितलेलं नव्हतं. माझे कान जात चालले होते. जाड आवाज यायचे, बारीक यायचे नाहीत. कुकरची शिट्टी, सकाळची पाखरं, फोनची घंटी, बोलण्यातले स आणि श. माणसाचं तोंड समोर दिसत असलं तर माझं सगळं भागायचं. ओठांवरून, डोळ्यांवरून अर्धं कळतं, उरलेलं अंदाजानं. कारखान्यात सगळेच ओरडून बोलतात, तिथं तर कोणाला काहीच कळून येत नाही.

मी त्या कामाला वाईट बोलणार नाही. नववीतून उठून गेलेल्या पोराला तिथं उभं केलं, हात कसा बाहेर ठेवायचा ते एका जुन्या ऑपरेटरनं बापासारखं मागं उभं राहून शिकवलं. बहिणीचं कॉलेज त्यावर झालं, आमच्या घरावर पत्रे आले. कानात घालायचे बोळे मिळतात. पण बोळे घातले की प्रेसचा दम, म्हणजे ठोक्याआधीची तिची उसंत, कळत नाही, आणि तो कळला नाही तर बोटं जायची भीती. म्हणून आम्ही बरेच जण बोळे खिशात ठेवतो. बोटं राहिली, त्याचं मला अजूनही बरं वाटतं. पण घरी कळलं तर माय म्हणेल सोडून ये. आणि बहीण काही म्हणणार नाही, ती नुसता हिशेब लावत बसेल की दादाचे कान कशात गेले. त्याची मला जास्त धास्ती होती.

अशा माणसाला पाठीनं ऐकायला बसायचं होतं.

हळदीचा हंगाम होता. त्या आठवड्यात लाइट दुपारी यायची, म्हणून दुपारीच बसायचं ठरलं. गिटार वाजवणारं पोरगं हिंगोलीच्या एका मंडपवाल्याचं. लग्नात लावतात ते दोन स्पीकर टेम्पोत घालून तोच घेऊन आला. स्पीकर घरात ठेवल्यावर माणसांना जागा उरली नाही.

"दादा, बराबर ऐका बरं," तो म्हणाला. "तुमी पास केलं तरच माझा बाप मला पुन्हा स्पीकर देईल. नापास झालो तर उद्यापासून मंडपाचे बांबू उचलायचे."

"तू बांबूच उचल," माय म्हणाली. "माझ्या पोरीचा गळा चिरला तुझ्या नादानं. गुळण्या कर म्हणते तर ऐकत न्हाई."

"माय, ते तसंच गातात."

"गातात? मला वाटलं कोणीतरी गळा दाबून राहिलंय."

मी भिंतीकडं तोंड करून मांडी घातली. समोर मायची मांडणी, तिच्यावर कपबशा, पाण्याचे पितळेचे दोन गंज. बहीण मागून काहीतरी म्हणाली. मी मान हलवली.

पहिलं गाणं सुरू झालं आणि माझे दोन्ही हात गुडघ्यावरून उडून छातीशी आले. माझीच प्रेस होती ती. मी ती माझ्या जेवणाच्या सुट्टीत, दुसरा ऑपरेटर चालवत असताना, पाण्याच्या टाकीजवळून, भिंतीपलीकडून फोनवर रेकॉर्ड करून बहिणीला पाठवलेली. तिनं त्या ठोक्याचा ड्रम केला होता. वर गिटार, पत्र्याचा गठ्ठा फरशीवरून ओढत नेल्यासारखी. आणि मग तिचा आवाज, पोटातून वर येणारा, शब्द चावून थुंकलेले. स्पीकरनं जमीन हलत होती. माझ्या ढुंगणाखालून, पाठीच्या मणक्यातून गाणं वर येत होतं. मला सगळं ऐकू येत होतं! एवढं स्वच्छ मी कित्येक महिन्यांत काही ऐकलं नव्हतं. मांडणीवरच्या कपबशा थरथरत होत्या. मी मनात म्हटलं, उगीच घाबरलो.

"बसलं," मी म्हणालो. "पण प्रेस लई घाईत हाय. ठोक्याच्या आधी ती दम घेते. पाय दाबला की चाकाचा जोर गोळा होतो, थोडं काहीच होत न्हाई, मंग पडतो. तू तो दम कापलास."

बहिणीनं आवाज चढवला, म्हणून मला ऐकू आलं. "मला कारखाना न्हाई दाखवायचा दादा, गाणं करायचंय. दम ठेवला तर ताल लंगडतो."

ते मला पटलं. तिचं बरोबर होतं. मला आपली प्रेस आपल्यासारखी हवी होती, एवढंच.

दुसऱ्यात मळणीयंत्र होतं. दारात शेजारची काकू येऊन उभी राहिली असावी, कारण नंतर मायनं हसत सांगितलं, ती विचारत होती, "काय वं, घरातच हरभरा काढला का?" तिसरं मला लांबलं. मी सांगितलं की सगळंच जोरात असलं तर जड काही वाटत न्हाई. पोतं जड हाय हे कळायला आधी हात रिकामा लागतो. त्यावर गिटारवाल्यानं एक मधला तुकडा कमी करायचं कबूल केलं. चौथं संथ होतं, तीनच सूर, खालच्या पट्टीत, पुन्हा पुन्हा. ते ऐकताना मला कारखान्यात आमच्या शॉपमध्ये पहाटे पहिली प्रेस सुरू होते ती वेळ आठवली, जेव्हा बाकीच्या अजून उभ्या असतात. मी लगेच बसलं म्हणालो. पाचव्यात कीबोर्ड होता.

"हे वरातीतलं वाटून राहिलं," मी म्हणालो.

"दादा, तो सिंथ हाय, बाहेरचे बँडवालेही असंच वाजवतात," पोरगं मोठ्यानं म्हणालं.

"बाहेरच्यांच्या इथं वराती नसतील."

पोरगं हसलं असावं. बहिणीनं कीबोर्ड काढायचं ठरवलं. मी रंगात आलो होतो. नववीत सुटलेली शाळा बिळा काही मनात नव्हती. आपल्याला विचारतात, आपण सांगतो, आणि सांगतो ते उपयोगी पडतं.

सहावं लागलं. हळदीचा ढोल. लोखंडी जाळीचं मोठं पिंप, आत सुकलेल्या हळकुंडांची घासाघीस, तो फिरत राहिला. घर्र, थप्प. घर्र, थप्प. मी वाट पाहिली. गिटार आता येईल, आता येईल. काहीच आलं नाही. ढोल फिरत होता, फिरत होता, आणि थांबला.

"हे कोरं हाय," मी म्हणालो. "नुसता ढोल फिरून राहिला. यात माणूसच न्हाई. न्हाई बसलं."

मागून काही आलं नाही. मी समजलो, विचार करत असतील. आणखी बोललो, मध्ये असं रिकामं ठेवलं की ऐकणाऱ्याला वाटतं बिघडलंय. तरी काही नाही. मग खांद्यावर मायचा हात पडला, आणि मी रीत मोडून वळलो.

पोरगं खाली बघत होतं. बहीण माझ्याकडं बघत होती. तिनं ओढणीचं टोक घेतलं, तोंडावर धरलं, आणि काहीतरी बोलली. डोळे दिसत होते, ओठ नव्हते. मी अंदाज केला. दुपारची वेळ, चहाचंच असणार.

"व्हय, घेतो," मी म्हणालो. "अर्धा कप."

गिटारवालं पोरगं फिसकन हसलं आणि तिथंच थांबलं. बहिणीनं ओढणी खाली केली.

"चहाचं न्हाई विचारलं मी, दादा. कव्हापासून ऐकू येत न्हाई, म्हणून विचारलं."

मायला आधी कळलंच नाही. मग कळलं. "म्हणून फोनवर सारखं काय? काय? करतोस," ती म्हणाली. "अन् मला वाटायचं तिकडं रेंज न्हाई. मी शेजारणीला सांगत बसले, मोठं शहर हाय पण रेंजची लई तकलीफ हाय त्याला."

मी सांगितलं. बोळ्यांचं, दमाचं, शिटीचं. मला भीती होती तेच झालं, बहीण मनात मागं मागं मोजत गेली. तिच्या तोंडावर मला ते दिसत होतं. मी म्हटलं, पुढची दोन लाव. ती नको म्हणाली. लाइट होती तरी स्पीकर बंद केले.

सहाव्यात माणूस होता. ते मला मायनं संध्याकाळी, चुलीपाशी सांगितलं, माझ्यासमोर बसून. ढोलाच्या आवाजाखाली बहीण सबंध वेळ कुजबुजते. गात नाही, ओरडत नाही, कानाशी बोलल्यासारखं. मी पहिल्यांदा कामाला निघालो तेव्हा हिंगोलीच्या डेपोत ती बाबांच्या कडेवर होती. गाडी सुरू झालेली, खिडकीची काच वर, आणि ती मला खालून काहीतरी सांगत होती. मला ते चित्र आठवतं. मी आतून मान हलवली होती. इंजिनमुळं काही ऐकू येत नव्हतं, पण लेकरू सांगतंय तर हो म्हणावं म्हणून.

"काय सांगत होती?" मी मायला विचारलं.

"तू नको जाऊ, मी शाळेत जात न्हाई म्हणत होती. तिचं नाव तरी कुठं घातलं होतं शाळेत! पण दादा तुझ्या शाळेसाठी चालला असं तिला सांगितलेलं, तेच धरून बसलेली. ती सगळं तेच म्हणते त्या गाण्यात. दुसरं काय न्हाई."

मी उठून बहिणीकडं गेलो. म्हटलं, ते राहू दे. माझा शब्द धरू नको. बहिऱ्यानं नापास केलेलं नापास नसतं.

"कान कसा हाय हे बाबांनी कोणाला विचारलं होतं?" ती म्हणाली. "त्या ढोलकीवाल्याच्या सासऱ्याला तरी कुठं धड ऐकू येत होतं?"

"मंग बाबांचं चुकलंच होतं."

"चुकलं असन. पण टाकलं ना त्यांनी?"

मी लई समजावलं. गिटारवाल्यानंही समजावलं, की अख्ख्या अल्बममध्ये तेच एक वेगळं आहे, बाकी सात त्याच्यासाठी उभी आहेत. मी म्हणालो, कुजबुज थोडी वाढव, मला आली नाही तरी दुसऱ्यांना येईल. ती एकदाच चिडली. "वाढवली तर ती कुजबुज राहत न्हाई. अन् तुला ऐकू यावं म्हणून जाड आवाजात करू का? तू तेव्हा ऐकलं न्हाई, आता ऐकलं न्हाई. मी दोनदा सांगून झाले, दादा." मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं. माझ्या ताटात तिनं ठेचा वाढला आणि बाहेर गेली.

अल्बम आला. सात गाण्यांचा. मी खोलीवर इयरफोन लावून तो पुष्कळदा ऐकला आहे आणि एक ऐकणारा म्हणून माझं मत सांगतो. पहिलं चांगलं आहे, तिसरं कापल्यामुळं सुधारलं, चौथ्यासारखं मी कुठंच ऐकलेलं नाही. तिचा आवाज बहुतेक ठिकाणी गिटारीच्या बरोबरीनं उभा राहतो, मागं पडत नाही. पण पाचव्यावरून पुढचं सुरू होतं तिथं चूक आहे. दोन्ही सारख्याच वजनाची आहेत. ऐकणाऱ्याला खांदा बदलायला जागा मिळत नाही, आणि शेवट येईस्तोवर तो दमून जातो, मग शेवटचं, जे खरं मोठं आहे, ते नुसतं मोठं वाटतं. ही चूक करणाऱ्याची नाही.

कारखान्याच्या दवाखान्यात मी आता स्वतःहून तपासून घेतलं आहे. गेलेलं परत येत नाही असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दाखवलं, चांगल्या होत्या, दोनदा लिहून दाखवलं. मला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकलं, घरी बसवलं नाही. त्याचे मी आभार मानतो. पॅकिंगला शांत असतं. शिटी दिवसभर चालू असते.

मध्ये एका ऐकणाऱ्यानं अल्बमखाली लिहिलं, की काम जोरदार आहे पण मध्यात श्वास घ्यायला जागा नाही, करणाऱ्यांना कळायला पाहिजे होतं. बहिणीनं खाली उत्तर दिलं, "बरोबर आहे. तिथं कमी आहे." एवढंच. माझं नाव नाही, घरच्या रितीचं नाही, काही नाही. मी त्याखाली लिहायला घेतलं. तिथं एक गाणं होतं, ते कोणी काढायला लावलं, का काढायला लावलं. एका बोटानं टाइप करत बरंच लिहिलं. पाठवण्याआधी तिला विचारावं म्हणून व्हिडिओ लावला.

"दादा, काही, लिहू, नको," ती म्हणाली. फोन तोंडाजवळ धरून, ओठ पुरते उघडून, एक शब्द झाला की थांबून. "ज्याला, जे, वाटलं, ते, त्यानं, लिहिलं. राहू, दे."

मी लिहिलेलं पुसलं. बोलणं अजून चालू होतं, गावाकडचं, मायच्या गुडघ्याचं, हळदीचं. सगळं ती तसंच सांगत होती, शब्द सुटे करून, माझ्या तोंडाकडं बघत, पोचला की नाही याची खात्री करत. आधी ती माझ्याशी भराभरा बोलायची. अर्धं वाक्य गिळायची, मध्येच हसायची, मी काय म्हणतो याची वाट न बघता पुढं जायची. त्यातलं निम्मं मला कळायचं नाही, तरी ते माझ्याशीच बोललेलं असायचं.